कालचा रुपया, आजचा रुपया

‘पूर्वी सारे स्वस्त होते,’ असे नेहमी ऐकू येते. परंतु एखाद्या वस्तूच्या भावावरून महागाईचे मोजमाप होत नाही. त्यासाठी औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक उपयोगी पडतो. कामगार कुटुंबाला लागणारे धान्य, इंधन, कापड, घरभाडे, औषधोपचार इत्यादींच्या किमतींवरून केंद्र शासनाचा लेबर ब्यूरो तो काढतो.

या निर्देशांकाचे पायाभूत वर्ष १९६० नंतर १९८२, २००१ व २०१६ असे बदलत गेले. प्रत्येक नवी मालिका आधीच्या मालिकेशी जोडणारे गुणक अनुक्रमे ४.९३, ४.६३ व २.८८ आहेत. त्यांचा गुणाकार सुमारे ६६ येतो. म्हणजेच १९६० साली एका रुपयात भागणाऱ्या गरजेस २०१६ साली सुमारे ६६ रुपये लागू लागले.

शासकीय कर्मचाऱ्यास या निर्देशांकानुसार महागाई भत्ता मिळतो. ठरावीक अर्थसाहाय्यावर जगणाऱ्या वृद्धास असे संरक्षण नाही. श्रावणबाळ योजनेचे मासिक साहाय्य २०१९ मध्ये ६०० वरून १,००० रुपये आणि २०२३ मध्ये १,५०० रुपये झाले. अशा दोन वाढींच्या मधल्या काळात रक्कम तीच राहते, तिची खरेदीशक्ती मात्र घटत जाते. म्हणून साहाय्याचा विचार करताना ‘किती रुपये?’ याबरोबरच ‘त्यात किती धान्य?’ हाही प्रश्न ग्रामसभेत विचारला गेला पाहिजे.