'संजद' गेला कुठे?

प्राकृत किंवा जैन दर्शनाच्या अभ्यासकाच्या कपाटात हटकून सापडणाऱ्या काही ग्रंथांच्या पहिल्या पानावर प्रकाशनाचे ठिकाण म्हणून सोलापूरचे नाव छापलेले असते. जीवराज जैन ग्रंथमालेचे हे ग्रंथ. सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी 1941च्या उन्हाळ्यात नाशिकजवळच्या गजपंथा क्षेत्री विद्वानांना बोलावून, आपली संपत्ती कशी खर्चावी हे विचारले. त्यातून जैन संस्कृति संरक्षक संघ उभा राहिला. आधी तीस हजार रुपये आणि 1944मध्ये सुमारे दोन लाखांची सारी मिळकत त्यांनी संघाला दिली. 'तिलोयपण्णत्ती'चा पहिला भाग 1943मध्ये निघाला. संपादक होते कोल्हापूरचे डॉ. आ. ने. उपाध्ये आणि अमरावतीचे डॉ. हिरालाल जैन.

धर्मग्रंथ छापायचा तर त्यात एवढे ठरवण्यासारखे काय असते? पोथीत आहे ते छापावे, असे आपल्याला वाटते. पण पोथ्या अनेक असतात आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. मग खरा पाठ कुठला, तो कोणी ठरवायचा आणि ठरल्यावर त्याचा अर्थ कोण सांगणार? षट्खंडागम या दिगंबर जैन सिद्धांतग्रंथाच्या एका सूत्रात हे तिन्ही प्रश्न एकदम उभे राहिले. ते कसे सुटले हे टप्प्याटप्प्याने पाहण्यासारखे आहे.

या तिन्हींच्या मुळाशी असलेला प्रश्न आधी, तो कर्तृत्वाचा. दिगंबर परंपरेच्या मते महावीरांच्या उपदेशाचे मूळ अंगग्रंथ कालौघात लोपले आणि त्यांचा थोडा अंशच गुरुमुखातून टिकला. गिरनारच्या चंद्रगुंफेत राहणाऱ्या धरसेनाचार्यांना तो येत होता. तो आपल्याबरोबर संपू नये म्हणून त्यांनी दक्षिणेकडून दोन साधू बोलावून घेतले. तेच पुष्पदंत आणि भूतबली. पुष्पदंतांनी सत्प्ररूपणा या पहिल्या प्रकरणाची 177 सूत्रे रचली आणि जिनपालित या शिष्याबरोबर ती भूतबलींकडे पाठवली. उरलेला ग्रंथ भूतबलींनी पुरा केला. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला तो लिपिबद्ध होऊन त्याची पूजा झाली. तीच श्रुतपंचमी.

या सूत्रांवर वीरसेनाचार्यांनी 'धवला' ही टीका शके 738 म्हणजे इ. स. 816मध्ये पूर्ण केली. तिचे परिमाण 72 हजार श्लोकांएवढे. ग्रंथ कोणाचा, या प्रश्नाला वीरसेन एका नावाने उत्तर देत नाहीत. अर्थाचा कर्ता वेगळा आणि ग्रंथाचा कर्ता वेगळा, असे ते म्हणतात. मूळ तंत्राचे कर्ते महावीर, त्यामागून त्यांचे मुख्य शिष्य गौतम गणधर, आणि भूतबली-पुष्पदंतादी आचार्य हे उपतंत्राचे कर्ते. म्हणजे अर्थाचे प्रामाण्य सर्वज्ञाकडून येते, शब्दरचना मात्र माणसांची, आणि हे टीकाकार उघडपणे सांगतो. ही मांडणी मला फार मोलाची वाटते. शब्द माणसाच्या हातून आले असतील, तर ते माणसाच्या हातून बिघडूही शकतात, आणि ते दुरुस्त करणे हे श्रद्धेच्या विरुद्ध जात नाही.

परंपरेने हे एका कथेतही सांगून ठेवले आहे. धरसेनांनी परीक्षेसाठी दोघांना एकेक मंत्र दिला. एकात एक अक्षर जास्त होते, दुसऱ्यात एक कमी. साधना केल्यावर देवता प्रकट झाल्या, पण एकीचे दात पुढे आलेले होते आणि दुसरीला एकच डोळा होता. देवता विद्रूप असत नाहीत, तेव्हा चूक मंत्रात आहे, हे दोघांनी ओळखले. मंत्रशास्त्राच्या आधाराने जास्तीचे अक्षर काढले, राहिलेले घातले आणि पुन्हा साधना केली. मग देवता आपल्या खऱ्या रूपात आल्या. गुरूने दिलेला मंत्र दुरुस्त केला म्हणून शिष्य नापास झाले नाहीत. उलट, त्याच कारणाने ते शिकायला पात्र ठरले.

पुढे शतकानुशतके धवलेच्या ताडपत्री प्रती कर्नाटकात मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदी या जैन मंदिरात राहिल्या. लिपी जुनी कन्नड. यात्रेकरूंना त्यांचे दर्शन मिळे, वाचन नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे सेठ माणिकचंद आणि सोलापूरचे सेठ हिराचंद नेमचंद यांनी नक्कल करवून घेण्याचा ध्यास घेतला. श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरी शास्त्री आणि मिरजेचे गजपती उपाध्याय कामाला बसले. नक्कल मूडबिद्रीतच राहावी, बाहेर जाऊ नये, अशी तिथली अट होती. पण गजपती उपाध्यायांनी विदुषी पत्नी लक्ष्मीबाई यांच्या मदतीने कन्नड लिपीत आणखी एक प्रत गुपचूप तयार केली. ती त्यांनी सोलापुरात हिराचंद नेमचंदांपुढे ठेवली, पण त्यांनी घेतली नाही. शेवटी सहारनपूरच्या लाला जंबूप्रसादांनी ती घेतली. तिथे तिची नागरी नक्कल करणाऱ्या सीताराम शास्त्रींनीही एक प्रत स्वतःजवळ ठेवली. अमरावती, आरा, कारंजा, सागर, सोलापूर इथे पोहोचल्या त्या या प्रतीवरून झालेल्या प्रती.

संपादकाच्या नजरेने ही साखळी पाहावी. ताडपत्रावरून नक्कल, तिच्यावरून कन्नड नक्कल, तिच्यावरून नागरी, आणि त्या नागरीवरून गावोगावच्या प्रती. एका पायरीवर एखादा शब्द गळला, की खालच्या सगळ्या प्रतींतून तो गळणार. अशा दहा प्रती एकमुखाने एकच पाठ देत असल्या, तरी साक्षीदार एकच असतो. पोथ्या मोजून पाठ का ठरत नाही, याचे उत्तर इथे आहे.

1939मध्ये हिरालाल जैन यांनी पंडित फूलचंद्र शास्त्री आदींच्या साहाय्याने धवलेचा पहिला खंड छापला, तेव्हा त्यांच्या हाती अशाच प्रती होत्या. सत्प्ररूपणेच्या 93व्या सूत्राशी ते अडखळले. आत्म्याच्या चढणीच्या चौदा पायऱ्या म्हणजे गुणस्थाने. त्यांतली पाचवी संजदासंजद, अंशतः संयमी श्रावकाची. सहावीपासून पुढच्या सगळ्या संजद, म्हणजे पूर्ण संयमींच्या. हे सूत्र 'मनुष्यिणी'विषयी, म्हणजे मनुष्यगतीतल्या स्त्रीविषयी आहे. हाती असलेल्या प्रतींत ते संजदासंजदापाशीच थांबत होते.

मात्र खालची टीका वेगळेच सांगत होती. वीरसेनांचा शंकाकार विचारतो की, याच आर्ष वचनावरून द्रव्यस्त्रीला, म्हणजे स्त्रीदेहधारी व्यक्तीला, मोक्ष सिद्ध होत नाही का? सूत्र पाचव्या पायरीवरच संपत असते, तर ही शंका सुचायला जागाच नव्हती. शिवाय याच ग्रंथात इतरत्र मनुष्यिणीला चौदाही गुणस्थाने सांगितली आहेत. तेव्हा वीरसेनांसमोरच्या सूत्रात शेवटी 'संजद' असणार, असे अनुमान निघाले. तो शब्द कसा गळला असेल, हेही समजण्यासारखे आहे. 'संजदासंजद-संजद' अशी तीच अक्षरे लागोपाठ आली की नक्कल करणाऱ्याची नजर घसरते आणि एक 'संजद' राहून जातो.

संपादकांनी पुढे जे केले, त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. शब्द सूत्रात घातला नाही. सूत्र पोथीत होते तसेच छापले आणि इथे 'संजद' हा पाठ राहिला असावा, असे तळटीपेत सांगितले. पाठ एका जागी आणि अनुमान दुसऱ्या जागी राहिल्याने वाचकाला दोन्ही वेगवेगळे तपासता आले.

तरीही वादळ उठले. पूर्ण संयमासाठी सर्व परिग्रहाचा, वस्त्राचाही, त्याग हवा आणि स्त्रीदेहात तो शक्य नाही, म्हणून त्याच भवात मोक्ष नाही, अशी दिगंबर भूमिका आहे. श्वेतांबर स्त्रीमुक्ती मानतात. त्यामुळे हा एक शब्द संप्रदायाच्या मुळावर येतो असे अनेक पंडितांना वाटले. त्याच काळात आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने सिद्धांतग्रंथ ताम्रपटांवर कोरण्याचे काम चालले होते. आता तांब्यावर 'संजद' कोरायचा की नाही, हा प्रश्न आला. कागदावरची तळटीप पुढच्या आवृत्तीत बदलता येते, कोरलेले अक्षर बदलत नाही. वादाला एवढी धार का आली, ते यावरून कळते.

निर्णय मूडबिद्रीत झाला. परवानगी मिळून मूळ ताडपत्रे पडताळली गेली आणि त्यांत 'संजद' सापडला.

इथे पाठाचा प्रश्न संपला आणि अर्थाचा पुन्हा सुरू झाला, कारण दोन्हींचे आधार वेगळे आहेत. पाठ ताडपत्राने ठरतो, अर्थ मात्र परंपरेतल्या टीकेने लावला जातो. वीरसेनांनी बाराशे वर्षांपूर्वी दिलेले उत्तर असे: सूत्रातली मनुष्यिणी ही भावस्त्री आहे, म्हणजे देह पुरुषाचा पण स्त्रीवेदाचा, म्हणजे स्त्रीच्या कामवृत्तीचा, भाव असलेली व्यक्ती, म्हणून स्त्रीमुक्ती सिद्ध होत नाही. हे उत्तर कोणाला पटो न पटो, अडचणीचा शब्द गाळून त्यांनी अडचण मिटवली नाही. दुसरीकडेही त्यांची हीच रीत दिसते. नवव्या गुणस्थानात कर्मप्रकृतींचा क्षय कोणत्या क्रमाने होतो याबद्दल दोन प्राचीन ग्रंथांत मतभेद आहे. निकाल द्यायला आज केवली, म्हणजे सर्वज्ञ, नाहीत, तेव्हा पापभीरूंनी दोन्ही वचने जपावीत, असे ते लिहितात.

नंतरचा धागा पुन्हा सोलापूरला येतो. इथल्या श्राविकाश्रमाच्या पंडिता सुमतिबाई शहा यांनी षट्खंडागमाच्या सूत्रांचे संपादन केले आणि ते 1965मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या ग्रंथात स्त्रीच्या संयमावरून एवढा वाद झाला, त्याच्या संपादकपदी एक स्त्री आली. अर्थ लावण्याचा अधिकार अभ्यासातून येतो, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही. धवलेच्या पहिल्या खंडाची संशोधित आवृत्ती जीवराज ग्रंथमालेने 1973मध्ये काढली. तिच्यात 'संजद' तळटीपेतून सूत्रात आला.

त्याच शब्दाने पुढे कर्तृत्वाचा प्रश्नही उकरून काढला. यापनीय हा लुप्त झालेला संप्रदाय साधूंचे नग्नत्व पाळत असे आणि स्त्रीमुक्तीही मानत असे. मनुष्यिणीला संजद म्हणणारे सूत्रकार याच परंपरेतले असावेत, असे डॉ. सागरमल जैन यांनी मांडले. प्रा. रतनचंद्र जैन यांनी ते तीन खंडांच्या ग्रंथात खोडून काढायचा प्रयत्न केला. दोन्ही बाजू पुरावा म्हणून सोलापूरच्या छापील पानावरचे तेच 93वे सूत्र आणि त्याखालची वीरसेनांची टीका पुढे करतात.