शेतावर पाहुणे ठेवताय? आधी कागद, मग खोल्या



थंडी पडली की शहरातली मंडळी गाड्या काढून गावाकडे वळतात. कोणी हुरड्याला येतो, कोणी आंब्याला, तर कोणाला पावसात भातलावणी बघायची असते. दोन दिवस राहायचे, चुलीवरची भाकरी खायची, पोरांना बैलगाडीत बसवायचे आणि रोख पैसे मोजून परत जायचे. हे पाहून आपल्यापैकी अनेकांच्या मनात येते, आपणही शेतावर दोन-चार खोल्या काढाव्यात. विचार वावगा नाही. गाई-म्हशी आणि कोंबड्यांसारखाच हा एक जोडधंदा आहे. पण सल्ला विचारायला येणारा बहुतेक जण पहिल्यांदा विचारतो, "साहेब, कर्ज किती मिळेल?" माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा.

माझ्याच कार्यक्षेत्रातल्या एका बागायतदाराची गोष्ट सांगतो. माणूस कष्टाळू, बाग देखणी. त्याने कर्ज काढून बांधावर चार खोल्या उभ्या केल्या, फरशी घातली, न्हाणीघर केले. मग नोंदणीसाठी अर्ज करायला बसला, तर सातबाऱ्यावर वडिलांचे नाव! वडील जाऊन सहा वर्षे झालेली. वारसनोंद केली तेव्हा दोन भाऊ आणि लग्न होऊन गेलेली बहीण अशी सगळ्यांची नावे लागली. आता सर्वांच्या संमतीवाचून अर्ज पुढे जाईना. एका भावाने तर विचारले, "खोल्या सामाईक जमिनीत आहेत, मग भाड्यात आमचा वाटा किती?" हंगाम तसाच गेला, बँकेचा हप्ता मात्र थांबला नाही. वारसनोंद अगोदर केली असती, तर हीच बोलणी खोल्या बांधण्यापूर्वी घरात बसून झाली असती.

तेव्हा पहिले काम म्हणजे ताजा सातबारा आणि आठ-अ काढून नीट वाचणे. नाव कोणाचे, बोजा कशाचा आणि जमीन कोणत्या वर्गाची, या तीन गोष्टी पाहा. 'भोगवटादार वर्ग २' असे लिहिले असेल, तर त्या जमिनीवर शासनाच्या अटी आहेत असे समजा. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तिथे दुसरा उद्योग सुरू करू नका. तलाठ्याला, म्हणजे हल्ली ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांना, अट कोणती आहे ते विचारून घ्या.

दुसरी गोष्ट शेतघराची. पुष्कळांचा समज असा, की शेतात घर बांधायला मोकळीक आहे, मग त्यात पाहुणा ठेवला तर काय बिघडले? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये शेतावरच्या इमारतीची व्याख्या दिली आहे. अवजारे, खत, वैरण आणि धान्य ठेवणे, गुरे बांधणे, शेतकऱ्याच्या घरच्यांनी आणि गड्यांनी राहणे, अशी कामे त्यात सांगितली आहेत. पैसे देऊन राहणारा पाहुणा त्यात कुठे बसतो? शेतघर म्हणून दाखवायचे आणि भाड्याने द्यायचे, हा जमिनीचा विनापरवाना वापर ठरू शकतो आणि त्याला दंड आहे. यातून सरळ वाट एकच, ती म्हणजे नोंदणी.

त्यासाठी महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. काम पर्यटन संचालनालयाकडे आहे आणि त्याची विभागीय कार्यालये आहेत. एकटा शेतकरी अर्ज करू शकतो. शेतकऱ्यांची सहकारी संस्था किंवा कंपनीही करू शकते. जमीन निदान एक एकर लागते. इथे एक बारीक गोष्ट ध्यानात घ्या. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असते. बोलताना आपण ४० आरला एकर म्हणतो, पण काटेकोर हिशेबाने एकर म्हणजे ४०.४७ आर. काठावरचे क्षेत्र असेल, तर आधी कार्यालयात विचारा. अर्जाला सातबारा, आधार, पॅन, वीजबिल आणि अन्न परवान्याचा कागद लागतो. पहिल्या नोंदणीचे शुल्क २,५०० रुपये, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरणाचे १,००० रुपये. खोल्यांच्या खर्चापुढे ही रक्कम काहीच नाही. धोरणातल्या सवलतींसाठीही नोंदणीपत्र हाती लागते. तुमच्या खोल्यांना कोणती सवलत लागू आहे, ते तोंडी ऐकून येऊ नका. लेखी घ्या.

या नोंदणीचा पाया शेती आहे हे विसरू नका. खोल्या भरू लागल्या की रान पडीक टाकायचे आणि हिरवळ लावून चार शोभेची झाडे उभी करायची, असे काही ठिकाणी दिसते. मग त्याला कृषी पर्यटन का म्हणावे? शेत पिकते राहिले पाहिजे. पाहुणा त्यासाठीच येतो आणि सवलतही त्यासाठीच आहे.

ज्यांचे घर गावठाणात आहे, शेताचा संबंध नाही, त्यांच्यासाठी पर्यटन विभागाची 'न्याहारी व निवास' योजना आहे. तिची चौकशी वेगळी करा. नवीन बांधकाम असेल, तर गावठाणात ग्रामपंचायतीकडे जावे लागते. गावठाणाबाहेर कोणाची परवानगी लागते, ते तहसील कार्यालयात विचारा. गाव एखाद्या महानगर प्रदेश प्राधिकरणाच्या हद्दीत असेल, तर त्या कार्यालयाची पायरी चढावी लागते. घराचा वापर बदलला की नमुना ८ मधली कर आकारणीही बदलू शकते. ग्रामसेवकाला आधीच सांगून ठेवले, तर पुढे थकबाकीची नोटीस येत नाही.

कोकणातल्या बंधूंसाठी दोन शब्द जास्त. समुद्र आणि खाडीकाठाला २०१९ ची किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना लागू आहे. गावाकडच्या किनाऱ्यावर स्थानिकांना, मच्छीमारांनाही, राहत्या घरात पाहुणे ठेवता येतात. पण त्यासाठी घराचे जोते, आराखडा किंवा दर्शनी भाग बदलायचा नाही. म्हणजे आहे त्या घराची डागडुजी करून पाहुणे ठेवा. पडवी पाडून पुढे सिमेंटच्या खोल्या काढल्या, तर ही सवलत राहत नाही. महाबळेश्वर-पाचगणी आणि माथेरान हे भाग २००१ आणि २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रे आहेत. तिथे कुदळ मारण्यापूर्वी विचारा.

आता विजेचे बोलू, कारण फसगत इथे फार होते. विहिरीवरच्या पंपाची जोडणी शेतीच्या दराची. तीच तार ओढून खोल्यांत दिवे, गिझर आणि पंखे लावले, तर विद्युत कायदा, २००३ च्या कलम १२६ प्रमाणे तो अनधिकृत वापर ठरतो. आकारणी दुप्पट दराने होते. वापर कधीपासून झाला ते कळले नाही, तर मागच्या बारा महिन्यांची धरतात. खोल्यांसाठी वेगळे मीटर घ्या. चार पैसे जास्त गेले तरी झोप शांत लागते.

जेवण तुम्हीच देणार असाल, तर अन्न सुरक्षा कायदा, २००६ प्रमाणे नोंदणी हवी, मग घरचीच बाई भाकरी का थापत असेना. पिण्याचे पाणी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून तपासून घ्या. शौचकुंड विहिरीपासून निदान ५० फूट लांब असावे. शेततळ्याला कुंपण घाला आणि काठावर दोर व ट्यूब ठेवा. शहरातल्या मुलाला प्लास्टिकच्या कागदावरून पाय कसा घसरतो, ते ठाऊक नसते. परवान्याशिवाय दारू देऊ नका, मागितली तरी. उलाढाल वर्षाला २० लाखांच्या पुढे गेली, तर वस्तू व सेवा कराची नोंदणी लागते. तेवढी मजल गाठलीत, तर जरूर पत्र पाठवा!

पाहुण्यांची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. नाव, गाव, ओळखपत्राचा क्रमांक, आल्या-गेल्याची वेळ आणि सही, एवढे पुरे. परदेशी पाहुणा आला, तर त्याची माहिती २४ तासांच्या आत विदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. हे काम संगणकावरून होते. मोफत राहिला तरी हा नियम लागू आहे, मुलाचा परदेशातला मित्र असला तरीही.

जाता जाता एक शंका, जी तरुण मुले नेहमी विचारतात. मोबाइलवरच्या बुकिंग कंपनीने आमचे घर यादीत घेतले, पैसेही खात्यात येतात, मग वेगळी नोंदणी कशाला? कंपनी गिऱ्हाईक आणून देते, परवाना देत नाही. तपासणीला माणूस आला, तर तो तुमच्या दारात उभा राहील आणि कागद तुमच्याकडेच मागेल. तेव्हा यादीत नाव घालण्याआधी नोंदणीपत्राची एक प्रत काचेच्या चौकटीत घालून पडवीत लावा.