हिटलर बहुमताने निवडून आला होता? नाही.

"हिटलरलासुद्धा लोकांनी बहुमतानेच निवडून दिलं होतं!" लोकशाहीचा विषय निघाला की हे वाक्य हमखास कानावर पडतं. शिकलेली माणसंही ते ठासून सांगतात. निवडणुकांचे आकडे कुणीच उघडून बघत नाही, याचा संताप येतो.

गैरसमज : जर्मन जनतेने हिटलरला बहुमत दिलं.

वस्तुस्थिती : मे 1928 मध्ये नाझी पक्षाला 2.6 टक्के मतं होती. मंदी आली, बेकारी वाढली आणि सप्टेंबर 1930 मध्ये ती 18.3 टक्के झाली. जुलै 1932 मध्ये 37.3 टक्के मतं आणि 608 पैकी 230 जागा, हा खुल्या निवडणुकीतला त्यांचा उच्चांक. नोव्हेंबरमध्ये मतं 33.1 टक्क्यांवर उतरली. त्याच वर्षी अध्यक्षपदासाठी उभ्या राहिलेल्या हिटलरला हिंडेनबर्गने हरवलं होतं.

त्याच हिंडेनबर्गने 30 जानेवारी 1933 रोजी त्याला चॅन्सेलर नेमलं. माजी चॅन्सेलर फ्रांझ फॉन पापेन आणि त्याच्या रूढीवादी सहकाऱ्यांना वाटलं, मंत्रिमंडळात नाझी जेमतेम तीन, हिटलर आपल्या मुठीत राहील. फेब्रुवारीत संसदभवन जळालं आणि दुसऱ्याच दिवशी वटहुकमाने नागरी हक्क गोठवले गेले. त्या दहशतीत 5 मार्चला मतदान झालं, तरीही नाझींना 43.9 टक्केच मतं पडली.

23 मार्चला बर्लिनच्या क्रोल ऑपेरा हाउसमध्ये संसद भरली. सभागृहात तपकिरी गणवेशातले नाझी स्वयंसेवक उभे होते. कम्युनिस्टांच्या 81 जागा रिकाम्या, कारण ते तुरुंगात, भूमिगत किंवा परागंदा. संसदेला डावलून कायदे करायचा अधिकार सरकारला देणाऱ्या विधेयकाविरुद्ध बोलायला सोशल डेमोक्रॅट नेते ओटो वेल्स उभे राहिले. 444 विरुद्ध 94 मतांनी विधेयक संमत झालं. विरोधातली सगळी 94 मतं वेल्स यांच्याच पक्षाची होती. याला जनतेचा कौल म्हणायचं?

म्हणून मतदार निर्दोष ठरत नाहीत. जुलै 1932 च्या संसदेत नाझी 230 आणि कम्युनिस्ट 89, मिळून 319. निम्म्याहून अधिक सभागृहाला जर्मन प्रजासत्ताकच नको होतं. अशा संसदेत स्थिर सरकार बनेना. 1930 पासूनच कारभार घटनेच्या कलम 48 खाली, अध्यक्षांच्या वटहुकमांवर चालू होता.

गैरसमज : 1923 च्या महागाईने हिटलरला सत्तेवर आणलं. महागाई त्याच वर्षाअखेर नव्या चलनाने आटोक्यात आली. नाझी वाढले ते 1930 पासून. 1932 च्या सुरुवातीला बेकार सुमारे 60 लाख होते.

गैरसमज : डाव्या-उजव्या हिंसेला कायद्याने एकच माप लावलं. गणितज्ञ एमिल गुंबेल यांनी 1922 मध्ये राजकीय खुनांची मोजदाद छापली : उजव्यांचे 354, डाव्यांचे 22. उजव्यांच्या 354 पैकी 326 खुनांना शिक्षाच झाली नाही. हिटलरच्या 1923 च्या म्युनिकमधल्या उठावात चार पोलीस मेले. हिटलरला पाच वर्षांची शिक्षा झाली आणि डिसेंबर 1924 मध्ये तो बाहेरही आला.

गैरसमज : कम्युनिस्ट लोकशाहीच्या बाजूने लढत होते. रस्त्यावर ते नाझींशी लढले, जिवानिशी गेले, हे खरं. पण त्यांचा पक्ष सोशल डेमोक्रॅटांनाच 'सोशल फॅसिस्ट' म्हणत होता. नोव्हेंबर 1932 च्या बर्लिन वाहतूक संपात तर ते नाझींच्या जोडीला उभे होते.

गैरसमज : या लोकशाहीला कुणी वालीच नव्हता. मार्च 1920 मध्ये उजव्या गटाचा बंडखोर काप आणि त्याच्या सैनिकांनी बर्लिन ताब्यात घेतलं. कामगारांनी सार्वत्रिक संप पुकारला आणि बंड चार-पाच दिवसांत कोसळलं.

प्रजासत्ताकाला शत्रू दोन्ही टोकांना होते. पण दार उघडून दिलं ते घटनेची शपथ घेतलेल्या, प्रतिष्ठित माणसांनी. सगळा दोष 'बहुमता'वर ढकलला की ही माणसं नामानिराळी सुटतात. त्यांना सोडू नका.