पाणी आत येऊ देणारा शर्ट

डोंगरात घालायचा भारी कपडा म्हणजे पाणी आत येऊ न देणारा, हे आपण धरूनच चालतो. इंग्लंडमधल्या शेफील्डची बफेलो ही छोटीशी कंपनी मात्र चाळीसहून अधिक वर्षं असा शर्ट शिवते आहे, ज्यातून जोराच्या पावसाचं पाणी खुशाल आत येतं. तरीही ब्रिटनच्या पहाडी बचाव पथकांतली माणसं भर हिवाळ्यात तो अंगात चढवतात. तोही उघड्या अंगावर, आत बनियनसुद्धा न घालता!

याचं मूळ तिथल्या हवेत आहे. स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म पठारावर पारा शून्याच्या आसपास घुटमळतो. बर्फ पडता पडता वितळतं, पावसासारखं अंगावर येतं, आणि वारा थांबायचं नाव घेत नाही. उणे वीसची कोरडी थंडी परवडली, असा हा प्रकार. पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे भिजलेला सदरा अंगाला चिकटला की शरीराची ऊब भराभर निघून जाते.

यावर 1976मध्ये बाजारात आलेल्या गोअर-टेक्सने शोधलेला तोडगा सूक्ष्म छिद्रांच्या पडद्याचा. थेंब बाहेरच अडतो, घामाची वाफ निसटते. पण चढावर माणूस वाफ सुटण्यापेक्षा जास्त वेगाने घामेजतो. मग पावसापासून वाचलेला गिर्यारोहक आतल्या आत स्वतःच्याच घामाने भिजतो.

1970च्या दशकाच्या अखेरीस हॅमिश हॅमिल्टन यांनी, म्हणजे बफेलोच्या संस्थापकांनी, वेगळीकडे पाहिलं: उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांकडे. ते कॅरिबूच्या कातड्याचा आतला अंगरखा केसांची बाजू त्वचेकडे करून घालतात. केसांत हवा अडकते आणि ऊब धरते. हॅमिल्टन यांनी केसांच्या जागी पॉलिएस्टरची दाट लव आणली आणि तिच्यावर पर्टेक्सचं आवरण घातलं. पर्टेक्स म्हणजे त्या काळी लँकेशायरच्या पर्सिव्हरन्स मिल्समध्ये विणलं जाणारं, अतिशय बारीक धाग्याचं घट्ट नायलॉन. पडदा नाही, रबराचा थर नाही. दोनच कापडं.

खरी गंमत पुढे आहे. पॉलिएस्टरचा तंतू पाणी जवळजवळ पितच नाही आणि लवेची फक्त टोकं त्वचेला टेकतात. त्यामुळे ओल अंगावर साचून राहत नाही. शरीराच्या उबेने तिची वाफ होते आणि ती बाहेरच्या थंड आवरणाकडे सरकते. तिथे पर्टेक्सच्या धाग्यांमधल्या बारीक फटी पाणी शोषून पातळ, रुंद डागासारखं पसरवतात आणि वारा ते वाळवतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे 580 कॅलरी उष्णता लागते. हे काम त्वचेला खेटून होण्याऐवजी शक्य तितकं बाहेरच्या कापडावर व्हावं, यातच सारी हुशारी आहे. म्हणजे गिर्यारोहक स्वतःच इस्त्री होऊन आपला शर्ट वाळवत चालतो.

अट एकच, शर्ट अंगासरशी हवा. ढगळ असला तर प्रत्येक पावलागणिक भात्यासारखी गरम हवा बाहेर फेकली जाते. फार उकडलं तर दोन्ही कुशींच्या चेन उघडायच्या. त्या चेन शोभेसाठी नाहीत, तापमान सांभाळायचं साधन त्याच आहेत.

तोटेही आहेत. मुसळधार पावसात नुसतं उभं राहिलं तर गार पाणी झिरपल्याचं स्पष्ट कळतं; वाळवणारी भट्टी शरीरच असल्याने हालचाल हवी. शिवाय दिसायला तो बोजड, आणि रेल्वेच्या उबदार डब्यात तर असह्य. माझ्या मते त्याचं हे हट्टी एकमार्गीपण हाच त्याचा मोठेपणा. एका विशिष्ट हवेसाठी तो बेतला आहे आणि बाकीच्या हवांची पर्वा करत नाही.

आपल्या सह्याद्रीची हवा त्या बाकीच्यांत मोडते. जुलैत राजमाचीच्या वाटेवर हवा आधीच बाष्पाने गच्च आणि थंडी अशी नाहीच. तिथे हा शर्ट घालणारा अर्ध्या तासात उकडून निघेल. पडद्याचं महागडं जॅकेटही तिथे फारसं चालत नाही, कारण बाहेर इतकी वाफ असताना आतली वाफ जाणार कुठे? तिथे अर्ध्या चड्डीत भिजत चालावं आणि कोरडे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सॅकमध्ये ठेवावेत, हेच बरं.