सुती होजिअरी कापडाची वीण आणि दमट हवेतील सुखावहता
वसई-विरारच्या किनारपट्टीवर पावसाळ्याच्या तोंडी घाम येतो, पण सहजी वाळत नाही. अशा हवेत सुती बनियनची सुखावहता केवळ कापसाच्या शोषकतेवर नव्हे, तर फाशांच्या रचनेवरही अवलंबून असते. घाम शोषताच धागा फुगतो, फाशांतील मोकळी जागा संकोचते आणि वारा अडतो. डी. एल. मंडेन यांनी १९५९ साली दाखविल्याप्रमाणे, ताणरहित साध्या विणीतील फाशांची दाटी ही फाशातील धाग्याच्या लांबीच्या वर्गाशी व्यस्त प्रमाणात असते. म्हणून त्याच सुताचा फास लांबविल्यास वीण मोकळी होते. मात्र अतिशय सैल वीण धुण्यात आकार सोडते. जाड इंटरलॉकपेक्षा पातळ एकेरी जर्सी लवकर वाळते. सबब, या हवामानासाठी कापड पारखताना वजनाबरोबर फाशाची लांबीही मोजणे अगत्याचे ठरते.