दमनकाचा खटला

वाचकहो, पंचतंत्रातील पहिली गोष्ट आपण प्रथम कोणाच्या मांडीवर बसून ऐकली, हे आता आठवते काय? वर्धमान नावाच्या व्यापाऱ्याचा संजीवक बैल यमुनेकाठी चिखलात रुतून मागे राहतो, हिरव्या गवतावर धष्टपुष्ट होतो आणि वनराज पिंगलक सिंहाचा जिवलग मित्र बनतो. ही मैत्री दमनक नावाच्या कोल्ह्याच्या डोळ्यांत सलते. शेवटी सिंहाच्या पंजाखाली बैलाचा प्राण जातो. आपण हळहळलो आणि झोपी गेलो. मात्र ज्या प्रसंगाने आपल्याला झोप आणली, तो चक्क एक खून होता, हे त्या वयात कोणाच्या ध्यानी आले असेल?

ही कथा आज एखाद्या पोलीस अधिकाऱ्याच्या दृष्टीने वाचून पाहावी. हेतू उघड आहे: दरबारातील गमावलेले स्थान. साधन तर त्याहून विलक्षण आहे. दमनक सिंहाला सांगतो, की बैल राज्य बळकावू पाहत आहे. बैलाला सांगतो, की सिंह तुला खाणार आहे. दोघांनाही तो एकमेकांच्या चेहऱ्यावरील वैराच्या खुणा आधीच सांगून ठेवतो. भेट होताच भ्यालेला बैल सावरून उभा राहतो, सावध सिंह अंग फुलवतो, आणि ज्याला त्याला सांगितलेली खूण नेमकी दिसते! शस्त्र हाती न धरता केलेला असा वध रचणे आजच्या रहस्यकथाकारालाही सहजी साधणार नाही. आणि खुन्याचे पुढे काय होते? संस्कृत कथेत तो शोकमग्न राजाचे सांत्वन करतो आणि प्रधानपदी बसतो.

मुलांना हा शेवट पटत नाही. पण तो न पटणारी मुले पहिली नव्हेत. सहाव्या शतकात इराणच्या खुस्रो अनुशिरवानाच्या दरबारातील बुर्झोय नामक वैद्याने ह्या कथा पहलवी भाषेत नेल्या. आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फा ह्या लेखकाने त्या ‘कलीला व दिम्ना’ ह्या नावाने अरबीत आणल्या. करटक आणि दमनक ह्यांचीच ही नावे. बैलाच्या मृत्यूनंतर त्या अरबी ग्रंथात एक अख्खे नवे प्रकरण येते: दिम्नाची चौकशी. ते इब्न अल्-मुकफ्फाने स्वतः रचले असावे, असे विद्वान सामान्यतः मानतात.

हे प्रकरण म्हणजे सरळसरळ न्यायालयीन कथा आहे. रात्री दोघा कोल्ह्यांचे बोलणे एका बिबट्याच्या कानी पडते. तो ते सिंहाच्या आईला सांगतो. पण नाव न फोडण्याचे वचन घेतो. आई मुलाला सत्य तर सांगते, साक्षीदार मात्र सांगू शकत नाही. भरसभेत दिम्ना असा बिनतोड युक्तिवाद करतो, की वाचणाऱ्याचे मन क्षणभर त्याच्याकडे झुकते. कलीला धास्तीने व दुःखाने मरून जातो. अखेर बिबट्या पुढे येतो, आणि तुरुंगात दोघांचे बोलणे ऐकलेला एक बंदिवान प्राणीही साक्ष देतो. आधी का बोलला नाहीस, असे विचारता तो म्हणतो, की एकट्याच्या साक्षीने शिक्षा होत नाही. दोन साक्षी जुळतात आणि दिम्नाला देहान्त घडतो. ज्याने हा न्याय लिहिला, त्या लेखकाला पुढे स्वतः राजसत्तेच्या रोषापायी प्राणांस मुकावे लागले.

इतरत्रही असे प्रयोग झाले. ‘विनी द पू’ हे गोंडस अस्वल 1926 साली पुस्तकरूपाने आणणाऱ्या ए. ए. मिल्न ह्यांनी त्याआधीच, 1922 साली, खुनाची एक रहस्यकादंबरी लिहिली होती. दोन्ही विश्वे त्यांनी वेगळी ठेवली. 2022 साली अमेरिकेत त्या पुस्तकावरील स्वामित्वहक्क संपला, आणि 2023 मध्ये त्याच अस्वलाला खुनी करून एक भयपट निघाला. तेथे ना शोध, ना न्याय. केवळ ओळखीच्या मुखवट्याआडचा रक्तपात. त्यापेक्षा जॅस्पर फोर्ड ह्यांची 2005 ची कादंबरी कितीतरी चतुर. भिंतीवरून पडलेला हम्टी डम्टी पडला, की कोणी पाडला, एवढ्या एका प्रश्नावर ती उभी आहे.

मराठी वाचकांना येथे फुरसुंगीचा बनेश फेणे आठवेलच. भा. रा. भागवतांच्या ह्या सायकलस्वाराला 2017 च्या ‘फास्टर फेणे’ चित्रपटाने तरुण केले. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी तो पुण्यात येतो. बरोबरच्या एका परीक्षार्थीचा मृत्यू आत्महत्या म्हणून नोंदला जातो, आणि बन्याला ते पटत नाही. खून नवा, पण नाक खुपसण्याची खोड जुनीच! म्हणूनच तो आपलासा वाटतो. चित्रपटात भागवतांचीही व्यक्तिरेखा आहे; ती दिलीप प्रभावळकरांनी रंगविली आहे.

आज रात्री घरी मित्रभेदाची कथा सांगताना बैल पडला, की थांबून पाहा. अपराधी कोण, असे मुलांना विचारा. बहुतेकजण दमनकाचे नाव घेतील. एखादे मूल न विचारता पंजा उगारणाऱ्या सिंहाचे घेईल. आणि कोपऱ्यातले एखादे, बराच वेळ गप्प राहून, सर्व ठाऊक असूनही मुकाट राहिलेल्या करटकाकडे बोट दाखवील.