ढगात राहणारी साल्व्हिया

अंगणातल्या तुळशीचे एक फूल तोडून भिंगाखाली धरा. पाकळ्यांचे दोन ओठ दिसतील आणि त्यांतून बाहेर आलेले चार पुंकेसर मोजता येतील. आता शाळेच्या बागेत लाल साल्व्हिया असेल तर तिचेही फूल उकलून पाहा. चौकोनी खोड तेच, दोन ओठही तेच. म्हणजे कुल तुळशीचेच. पण पुंकेसर मात्र दोनच! साल्व्हिया ही प्रजाती ओळखण्याची ही मोठी खूण. जगात तिच्या सुमारे हजार जाती आहेत.

हे दोन पुंकेसर म्हणजे निसर्गाने केलेली तरफच. रेल्वेच्या फाटकाचा दांडा आठवा. एका टोकाला दाबले की दुसरे टोक हलते. मधमाशी मधासाठी आत घुसली की तिच्या डोक्याने दांड्याचे खालचे टोक ढकलले जाते, वरचे टोक खाली झुकते आणि त्यावरचे पराग तिच्या पाठीला लागतात. प्रजाती कळली ती अशी. खरी पंचाईत असते ती जाती ओळखताना.

युरोपातल्या डोंगरी जंगलांत पिवळ्या फुलांची, अंगभर चिकट केस असलेली एक साल्व्हिया वाढते. लिनीयसने 1753 साली तिला ‘साल्व्हिया ग्लुटिनोझा’ म्हणजे ‘चिकट साल्व्हिया’ असे नाव दिले. हिमालयातही अफगाणिस्तानापासून भूतानपर्यंत तशीच एक वनस्पती आहे. फुले पिवळी, पाने भाल्याच्या पात्यासारखी, अंग चिकट. मग ही तीच का? कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख नॅथॅनिएल वॉलिच यांना ती वेगळी वाटली. त्यांनी तिला नाव दिले ‘नुबिकोला’, म्हणजे ढगात राहणारी. किती नेमके नाव! मात्र ते रीतसर छापले रॉबर्ट स्वीट यांनी. म्हणून पूर्ण नावापुढे आजही दोघांची नावे लिहितात. नंतरच्या अनेक ग्रंथकारांना हा भेद पटला नाही. त्यांनी हिमालयातल्या झाडालाही ‘ग्लुटिनोझा’च म्हटले.

यात बिघडले काय, असे तुम्ही विचाराल. समजा, एकाने हिमालयातल्या झाडाच्या मुळांतील रसायने तपासली आणि निष्कर्ष युरोपातल्या झाडाच्या नावाने छापले. दुसरा ते वाचून आपल्या दाराजवळचे झाड औषध म्हणून उकळू लागेल! शिवाय आपली जाती कोठे, किती उरली आहे, याची नोंदही दुसरीच्या खात्यात जमा होईल.

भेद ठरवायचा तर एक झाड पाहून भागत नाही. सावलीत वाढलेल्या झाडाची पाने मोठी होतात, उंचावरचे झाड खुजे राहते. असे फरक जागेचे असतात, जातीचे नव्हेत. वेगवेगळ्या ठिकाणच्या पुष्कळ नमुन्यांत जो फरक टिकून राहतो, तोच धरायचा. हिमालयातल्या फुलाच्या वरच्या ओठावर जांभळट छटा असते. युरोपातल्या फुलावर तपकिरी ठिपके असतात. पण दाबून वाळवलेल्या फुलाचा रंग उडतो! म्हणून झाड गोळा करतानाच रंग, उंची आणि गाव चिठ्ठीवर लिहावे लागते. आळशी संग्राहकाचा नमुना पुढे निम्म्या किमतीचाही राहत नाही.

आता डीएनएची तुलनाही हाताशी आहे. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अशा अभ्यासात गंमत निघाली. युरोपातली ‘ग्लुटिनोझा’ आपल्या युरोपीय शेजाऱ्यांपेक्षा पूर्व आशियातल्या साल्व्हियांना जवळची ठरली. तेव्हा नुबिकोलाशी तिचे साम्य उगाच नव्हते. त्या नात्याने जवळच्या आहेत, पण एक नाहीत.

एखादी जाती अगदीच नवी निघाली, तर तिचे वर्णन छापावे लागते आणि एक नमुना ‘आदर्श’ म्हणून संग्रहालयात कायम ठेवावा लागतो. पुढे वाद झाला की त्याच नमुन्याकडे जायचे. 2012 पूर्वी हे वर्णन लॅटिनमध्येच लागे. आता इंग्रजीही चालते.

पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचा वाळवलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह आहे. अशा संग्रहांत नमुन्याचे नाव बदलले तरी जुनी चिठ्ठी फाडत नाहीत. तपासणारा आपले नाव व तारीख घालून नवी चिठ्ठी तिच्याशेजारी चिकटवतो. त्यामुळे एखाद्या जुन्या कागदावर एकाच वाळक्या फांदीभोवती तीन-तीन नावे दिसतात.